धीर एकट्या पास्टरनेच का धरायचा?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात धर्माच्या बातम्या येतात त्या बहुतेक सणाच्या नाहीतर भांडणाच्या, त्यामुळे हा विषय तुम्हाला जरा साईडचा वाटेल. पण तुमच्या वाचकांत ख्रिस्ती घरं पण आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या मंडळीने (म्हणजे चर्चने) कधी ना कधी कोणाला तरी नवीन मंडळी सुरू करायला पाठवलेलं असतं, म्हणून लिहितोय. मी पास्टर नाही, बायबल कॉलेजला गेलेलो नाही, मंडळीत खजिनदार आहे, म्हणजे पाठवणाऱ्यांच्या बाजूचा माणूस. आणि माझं म्हणणं ह्या पाठवणाऱ्यांबद्दलच आहे. नवीन मंडळी म्हटली की धीर धरा धीर धरा असं सगळे सांगतात, पण सांगतात कोणाला तर त्या पास्टरला. मी जवळून जे बघितलंय त्यात धीर आधी सुटतो तो आमचा, कमिटीचा, सपोर्ट देणाऱ्यांचा, नातेवाइकांचा, आणि मग आमची घाई हळूहळू त्याच्या अंगात शिरते आणि तो नको त्या गोष्टी करायला लागतो.

सुरुवात कशी होते बघा. पहिल्या रविवारी हॉल फुल्ल. मूळ मंडळीतले लोक गेलेले असतात, ओळखीचे चार पास्टर पुढे बसलेले असतात, फोटो निघतात, ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींचा पाऊस. नव्याचे नऊ दिवस म्हणतात पण इथे नऊ पण नाही हो, पुढच्याच रविवारी पाहुणे आपापल्या मंडळीत परत आणि खरा आकडा समोर. पास्टर स्वतः स्पीकर उचलून आणतो, वायरी जोडतो, त्याची बायको मागच्या खोलीत मुलांचा संडे स्कूल घेते, मुलं तीन, त्यातली दोन तिचीच. कीबोर्डवाला पोरगा आला नाही म्हणून गाणं नुसत्या टाळ्यांवर सुरू होतं आणि दुसऱ्या कडव्याला पट्टी कुठल्या कुठे जाते. खुर्च्या किती मांडायच्या हा पण एक विषयच आहे, चाळीस मांडल्या आणि नऊ माणसं आली तर ती नऊ पण अवघडून मागच्या रांगेत बसतात, म्हणून ज्याला अनुभव आहे तो बारा मांडतो, बाकीच्यांची भिंतीला थप्पी लावतो आणि कोणी आलं की एक काढतो. एका पास्टरचं तर मी बघितलंय, वचन सांगताना दार वाजलं की वाक्य अर्ध्यात अडकायचं आणि डोळे दाराकडे, आणि आत यायचा कोण तर हॉलचा वॉचमन, पंखे किती वाजता बंद करायचे ते विचारायला.

आणि सोमवारी सकाळी फोन. "काल किती आले?" बरं विचारणारा वाईट नसतो, काळजीनेच विचारतो. पण दर सोमवारी तेच विचारलं की समोरच्याला कळतं आपण कशावर मोजले जातोय ते. मग नऊचे "दहा-बारा" होतात, बारा "पंधरा-वीस" होतात, आपलेच दोन घरचे दोनदा मोजले जातात, आणि प्रार्थनेत "प्रभू, गर्दी पाठव" हे वाक्य येतं जे पहिल्या महिन्यात नव्हतं. खोटं बोलायचं म्हणून कोणी बोलत नाही हो, आकड्याची भूक आपण लावतो आणि मग तो ती भागवतो.

ह्यावर मला कायम अडोनिराम जडसनचं एक पत्र आठवतं. अमेरिकेतून निघालेला हा मिशनरी १८१३ मध्ये बायकोबरोबर बर्मातल्या रंगूनला उतरला, भाषा येत नाही, ओळख कोणाची नाही, आणि तीन वर्षं झाली तरी एक माणूस विश्वासात आलेला नाही. तिकडे अमेरिकेत ल्यूथर राईस नावाचा त्याचा सोबती मंडळ्यामंडळ्यांत फिरून ह्या कामासाठी मदत गोळा करत होता, आणि मदत देणारे विचारणारच ना की काय झालं, किती झाले. तर १८१६ मध्ये जडसनने राईसला लिहिलं, त्याचा भावार्थ असा की यश मिळेल का असं लोक विचारतील तेव्हा सांग, देव सर्वशक्तिमान आणि विश्वासू आहे, तेवढीच आमची खात्री. आमच्या पोटापुरतं देत राहा म्हणावं, आणि ज्यांना असल्या कामावर आपली भाकर लावायची हिंमत नाही त्यांनी निदान देणाऱ्यांना तरी अडवू नये. आम्ही जगलो तर वीस-तीस वर्षांनी आमची खबर मिळेल. वीस-तीस वर्षांनी! आमच्या कमिटीत असं पत्र आलं असतं तर पुढच्या मीटिंगचा पहिला विषय "सपोर्ट बंद करणे" हाच असता, मला शंकाच नाही. पहिला बाप्तिस्मा झाला २७ जून १८१९ ला, मौंग नौ नावाच्या माणसाचा, म्हणजे सहा वर्षांनी. जडसन शेवटपर्यंत बर्मातच काम करत राहिला आणि १८३४ पर्यंत त्याने अख्ख्या बायबलचं बर्मी भाषांतर पूर्ण केलं. आपण जडसनचा धीर सांगतो, पण त्या पत्रात तो धीर मागतोय पैसे देणाऱ्यांकडे, हे कोणी सांगत नाही.

इंग्लंडहून आलेल्या मिशनरी विल्यम केरीचं पण तसंच. नोव्हेंबर १७९३ मध्ये बंगालला पोचला, पहिला बंगाली माणूस कृष्ण पाल, त्याचा बाप्तिस्मा २८ डिसेंबर १८०० ला झाला. सुतारकाम करणारा माणूस, खांदा निखळला म्हणून मिशनच्या डॉक्टर थॉमसकडे आला आणि तिथून पुढे झालं सगळं. सात वर्षं मधे गेली. ह्या सात वर्षांत घर चालवायला केरीने नीळ कारखान्यात मॅनेजरची नोकरी धरली, तर इंग्लंडातल्या कमिटीने काय करावं, त्याला पत्र धाडलं की धंद्यात फार गुंतू नकोस बाबा. केरीला ते लागलं. लागणारच. अजून पण नोकरी करून मंडळी चालवणाऱ्याला आपल्यातले लोक "ह्याचा विश्वास कमी पडतो वाटतं" असं तोंडावर नाही तरी पाठीमागे म्हणतातच, आणि बायबलमधला प्रेषित पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाच्या घरी राहून तंबू शिवत होता हे त्याच तोंडाने रविवारी वाचतात.

पण इथे एक सांगायला पाहिजे, नाहीतर केरीचं नाव घेऊन आळशी माणसांचं फावतं. मी असे पण बघितलेत की काही करायचं नाही, कोणाकडे जायचं नाही, उपासना झाली की दार बंद, आणि विचारलं की "भाऊ, केरीला सात वर्षं लागली". अरे पण केरी सात वर्षं काय करत होता? बंगाली शिकला, नव्या कराराचं भाषांतर करत बसला जे १८०१ मध्ये छापून आलं, आणि मराठी वाचकांना सांगायचं तर पुढे १८०५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला त्याचं मराठी व्याकरण पण छापलं गेलं. जडसनने रंगूनमध्ये रस्त्याच्या कडेला एक साधी झापाची शेड बांधली, लोकांनी येऊन बसावं बोलावं म्हणून, आणि पहिला बाप्तिस्मा तिथे बोलणं सुरू केल्यानंतर काही महिन्यांतच झाला. म्हणजे आकडा शून्य होता, काम शून्य नव्हतं. पाठवणाऱ्याने हा फरक बघायचा असतो, आणि तो सोमवारच्या फोनवर दिसत नाही, त्यासाठी तिथे जाऊन दोन दिवस राहावं लागतं.

आता कोणी म्हणेल तुम्ही सगळी उशिराचीच उदाहरणं काढली. बरोबर आहे. पौल थेस्सलनीकाच्या सभास्थानात तीन शब्बाथ (म्हणजे तीन शनिवार) बोलला आणि थोड्याच दिवसांत दंगल होऊन त्याला रात्रीतून निघावं लागलं, तरी तिथली मंडळी टिकली. करिंथात दीड वर्षं राहिला. इफिसात तुरन्नाच्या शाळेत रोज बोलत दोन वर्षं, धरून सगळी तीन. म्हणजे अमुक महिन्यांत अमुक झालंच पाहिजे असा काही हिशोब बायबलच्या 'प्रेषितांची कृत्ये' ह्या पुस्तकात सापडत नाही, गावागणिक वेगळं. आणि ज्या करिंथात खुद्द पौल दीड वर्षं होता तिथे नंतर काय झालं, तर मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा असे गट, एकमेकांवर कोर्टात फिर्यादी, प्रभुभोजनाला कोणी उपाशी तर कोणी प्यायलेला. पौलाची ही गत, आणि आपण दोन वर्षांच्या मंडळीत दोन बायकांचं भांडण झालं की "तिथे आत्मिक पाया नाही" म्हणून शेरा मारून मोकळे होतो. करिंथात पौल सुद्धा घाबरला होता असं दिसतं, कारण रात्री दृष्टांतात प्रभूने त्याला सांगितलं की भिऊ नको, बोलत राहा, ह्या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत. ते लोक तेव्हा कुठल्या हजेरीपटावर नव्हते.

घाईचे जे प्रकार मी बघितलेत त्यात सगळ्यात महाग पडतो तो माणसं नेमायची घाई. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. नवीन मंडळीत माणसं कमी, कामं ढीगभर, त्यात एखादा येतो ज्याचा आवाज चांगला, बोलायला पुढे, अर्पण पण मोकळ्या हाताने देतो, झालं, तीन महिन्यांत तो वडील, म्हणजे मंडळीचा पुढारी. त्याच्या घरात काय चाललंय, आधीच्या मंडळीतून का निघाला, कोणाशी बोललात का, नाही. कारण आम्ही वरून विचारत असतो ना की "तुमच्याकडे लीडरशिप तयार झाली का?" मला माहीत असलेल्या एका ठिकाणी असाच नेमलेला माणूस वर्षाच्या आत अर्धी मंडळी घेऊन निघून गेला आणि पास्टरवर ठपका काय तर "त्यांना माणसं सांभाळता येत नाहीत". पौलाने आपल्या तरुण साथीदाराला, तीमथ्याला, स्पष्ट लिहिलंय की नव्यानेच विश्वासात आलेल्याला अध्यक्ष करू नको, गर्वाने फुगेल, आणि घाईने कोणावर हात ठेवू नको, म्हणजे घाईने कोणाला नेमू नको.

आता कोणी हुशार म्हणेल की कृत्ये १४ मध्ये पौल-बर्णबाने पहिल्याच दौऱ्यात वडील नेमले की. नेमले, पण कसे ते वाचा. लुस्त्रात पौलाला दगडमार झाली, मेला समजून लोकांनी नगराबाहेर ओढून टाकला, तो उठला, दर्बेला गेला, आणि मग त्याच लुस्त्रात, इकुन्यात, अंत्युखियात परत आला आणि परत येताना वडील नेमले. म्हणजे दगड पडल्यावर कोण उभं राहिलं आणि कोण पळालं हे बघून झालं होतं. दिवस थोडे असतील पण पारख झाली होती. पुढच्या काळात मंडळीच्या एका जुन्या नियमावलीत बाप्तिस्म्याआधी तीन वर्षं वचन ऐकायला लावायचा नियम आहे, आणि लगेच पुढे असं पण आहे की माणूस मनापासूनचा असेल तर वेळ बघू नका, वागणूक बघा. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. आपण बरोब्बर उलटं करतो, वागणूक बघत नाही आणि कॅलेंडर बघतो.

दुसरी घाई जागेची. आधी कळस मग पाया. वीस माणसं होत नाहीत तोवर प्लॉट बघणं सुरू, कर्ज काढणं सुरू, आणि एकदा हप्ता लागला की उपदेशाचा सूर बदलतो, दर दुसऱ्या रविवारी दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग द्या, नवीन आलेल्याला वाटतं आपण कुठे येऊन पडलो. पहिल्या दोन-अडीचशे वर्षांत ख्रिस्ती लोक जास्त करून घरांतच जमत होते. सिरियात फरात नदीकाठी दुरा-युरोपोस म्हणून जुनं शहर खणून काढलं, त्यात एक घर सापडलं, साधारण २४० च्या सुमाराला मंडळीसाठी बदलून घेतलेलं. बदल काय केला तर दोन खोल्यांमधली भिंत पाडून एक मोठी खोली केली आणि एका खोलीत बाप्तिस्म्यासाठी कुंड बांधलं, भिंतीवर चित्रं काढली. त्या मोठ्या खोलीत साठ-सत्तर माणसं मावली असतील. लोक वाढले तेव्हा भिंत पाडली, भिंत पाडून लोकांची वाट बघत बसले नाहीत, निदान मला तरी ते तसं दिसतं. जागा नको असं मी म्हणत नाही, भाड्याच्या हॉलमध्ये दर रविवारी सामान लावा काढा करून माणूस पिचतो हे पण खरंय, फक्त मूळ मंडळीला फोटो दाखवायला इमारत लागते म्हणून ती बांधू नका.

आकडा लवकर वाढवायचा तिसरा रस्ता सगळ्यांना माहीत आहे पण बोलत कोणी नाही, दुसऱ्यांची मेंढरं. शेजारच्या मंडळीत रुसलेली चार कुटुंबं उचलली की रिपोर्ट एकदम झळकतो. ती कुटुंबं रुसायचं कारण बरोबर घेऊनच येतात, आणि दीड-दोन वर्षांनी इथून पण रुसून जातात. आम्ही कमिटीवाले तो रिपोर्ट वाचताना एकदा पण विचारत नाही की हे लोक आधी कुठे होते. टाळ्या वाजवतो.

आता ज्याच्यासाठी खरं पत्र लिहायला घेतलं ते. केरीची गोष्ट आपण संडे स्कूलच्या पोरांना सांगतो, त्यात डोरोथीचं नाव येत नाही. डोरोथी म्हणजे केरीची बायको. तिला यायचंच नव्हतं, आधी नाहीच म्हणाली होती, मग शेवटच्या क्षणी तान्ह्या बाळासकट तयार झाली. १७९४ मध्ये तिचा पीटर नावाचा मुलगा आजारपणात गेला, तो पाच वर्षांचा होता, त्यानंतर तिचं मन जे ढासळलं ते परत ताळ्यावर आलं नाही, आणि १८०७ मध्ये ती तशीच वारली. केरीच्या त्या सात वर्षांच्या धीराची किंमत त्याच्या एकट्याच्या खिशातून गेलेली नाही. त्या काळात कोणी काय करायला पाहिजे होतं हे आज बसून सांगण्यात अर्थ नाही. पण आज आपण ज्यांना पाठवतो त्यांच्या घरात कोण डोकावतं? पास्टरची बायको पहिल्या दिवसापासून बिनपगारी अर्धी मंडळी चालवते, गाणं ती, मुलं ती, आलेल्या बायकांची दुखणी ऐकणं ती, आणि रविवारी संध्याकाळी नवरा तोंड पाडून बसला की त्याला उभारी द्यायची ती पण तीच. तिला उभारी कोण देणार? तिच्या माहेरून फोन येतात की चांगली नोकरी सोडून हे काय, शाळेत मुलाला विचारतात तुझे पप्पा काय करतात आणि पोरगं गप्प बसतं. मी एकदा एका पास्टरच्या घरी हिशोबाच्या वह्या बघायला गेलो होतो तर त्यांच्या मिसेस वह्या देता देता म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही सगळे ह्यांना विचारता मंडळी कशी आहे, मला कोणी विचारलं नाही मी कशी आहे." माझ्याजवळ उत्तर नव्हतं, वह्या हातात घेऊन उभा राहिलो. त्यानंतर आमच्या कमिटीतल्या दोन बहिणी महिन्यातून एकदा तिथे जायला लागल्या, रविवारी नाही हां, मधल्या वारी, काही तपासायला नाही, नुसत्या तिच्याबरोबर बसायला. माझ्या मते सगळ्या सपोर्टमध्ये हा सपोर्ट सगळ्यात कामाचा ठरला, आणि ह्याचा खर्च वहीत टाकायला कॉलम पण नाही.

पैशाचं पण बोलतो कारण ते माझं खातं. बहुतेक ठिकाणी काय होतं, एक वर्ष सपोर्ट देऊ मग बघू. ह्या "मग बघू" ने माणूस मरतो. पहिल्या वर्षात लोक तुमचं नाव सुद्धा नीट ओळखत नाहीत, तुम्ही टिकणार की पळणार हेच बघत असतात, आणि पाठवणाऱ्यांची टांगती तलवार दहाव्या महिन्यापासूनच दिसायला लागते. माझं मत असं की निदान तीन वर्षांचं पहिल्या दिवशीच लिहून द्यावं, दुसऱ्या वर्षी किती कमी होणार तिसऱ्या वर्षी किती ते पण त्याच कागदावर, म्हणजे त्याला पण कळतं नोकरी कधी शोधायची, लोकांना देण्याबद्दल कधी शिकवायचं. आणि जे ठरलंय ते वेळेवर द्यावं. कमिटीतल्या एकाची सही राहिली म्हणून चेक वीस तारखेपर्यंत टेबलावर पडून राहतो, तिकडे घरमालक दारात, आणि आम्ही मेसेज पाठवतो "प्रभू पुरवठा करील". अहो प्रभूने केलाय पुरवठा, तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे तो.

रिपोर्टचा फॉर्म पण बदला. हजेरी, बाप्तिस्मे, अर्पण ह्या तीन रकान्यांत पहिल्या दोन वर्षांतलं काहीच बसत नाही. त्यापेक्षा विचारा की ह्या तिमाहीत कोणाच्या आजारपणात गेलात, कोणाचं भांडण मिटलं, पास्टर नसताना कोणी प्रार्थना चालवली का, कोणी आपल्या शेजाऱ्याला घेऊन आलं का. फिलिप्पैत पौलाला भेटलं कोण होतं, नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या काही बायका, त्यातली एक लुदिया, जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी. आमच्या फॉर्मवर त्या दिवसाची नोंद "हजेरी अत्यल्प" अशी झाली असती. त्याच फिलिप्पैच्या लोकांनी पुढे पौल थेस्सलनीकात असताना त्याला एकदा नाही दोनदा मदत पाठवली, दुसऱ्या कुठल्या मंडळीने तेव्हा असं केलं नाही हे पौलानेच त्यांना लिहिलंय.

आणि हो, धीराला शेवट असतो का? असतो. चार-पाच वर्षं झाली, येणारे सगळे पास्टरचेच नातेवाईक, बाहेरचा एक माणूस टिकत नाही, पास्टर आजारी पडायला लागलाय, घर कर्जात, तर बसून बोलायला पाहिजे आणि थांबायला पण हरकत नाही. पौलाला आशियात बोलायला आत्म्याने मना केलं, बिथुनियाला जायचं होतं तिथे पण जाऊ दिलं नाही, तो निमूट दुसरीकडे वळला, त्याला कोणी नापास झाला म्हणत नाही. आपल्याकडे मात्र बंद झालेल्या मंडळीचा पास्टर परत आला की त्याला मागच्या बाकावर बसवतात, त्याच्याकडे कोणी धड बघत नाही, म्हणूनच तर लोक कर्ज काढून बंद पडलेलं ओढत राहतात. त्याला पुढे बोलवा, काय शिकलात ते विचारा, पुढच्याला पाठवताना त्याला बरोबर घ्या. "मी लावले, अपुल्लोसाने पाणी घातले" असं पौल म्हणतो, आणि बऱ्याच ठिकाणी पहिला माणूस थकून निघतो, दुसरा येतो, दोन वर्षांत मंडळी भरते, आणि वर्धापनदिनाच्या बॅनरवर पहिल्याचा साधा उल्लेख पण नसतो.

बाय द वे, उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन, साधारण सन २०० च्या आसपासचा, त्याने धीरावर अख्खं लिखाण केलंय आणि सुरुवातीलाच म्हणतो की हा गुण माझ्यात नाही, आजारी माणूस तब्येतीच्या गोष्टी बोलतो तसं मी बोलतोय. कमिट्यांच्या मीटिंगमध्ये हे वाचून मग विषय सुरू करावा असं मला फार वाटतं.

वर्षाचं बजेट ठरवायच्या मीटिंगा सगळीकडे होतात, तेव्हा हे पत्र कोणाच्या हातात असलं तर बरं म्हणून पाठवतोय. लांबलंय मला माहीत आहे. जागेअभावी कापावं लागलं तर पौलाचा भाग कापा, तो लोकांच्या घरी पुस्तकात आहेच, दुरा-युरोपोसचा पण कापा, पण डोरोथीचा आणि वीस तारखेच्या चेकचा तेवढा राहू द्या.

आपला,
एका मंडळीचा खजिनदार